साधा थर्मोस्टॅट की भिंतीबाहेरचा सेन्सर? ब्रिटनमधल्या घरासाठी

इंग्लंडमध्ये एप्रिल २०१८ पासून नव्या गॅस कॉम्बी बॉयलरसोबत (घर तापवणारा आणि टाकीशिवाय नळालाही गरम पाणी देणारा बॉयलर) ऊर्जाबचतीच्या चार सोयींपैकी एक द्यावीच लागते. 'वेदर कॉम्पेन्सेशन', म्हणजे बाहेरच्या थंडीप्रमाणे पाणी कमी-जास्त गरम करणं, ही त्यांतली एक. पण पुष्कळ इन्स्टॉलर स्मार्ट थर्मोस्टॅट लावून मोकळे होतात आणि आपणही मोबाइलवर ॲप दिसलं की खूश होतो. कोटेशनवर सही करण्याआधी दोन्हींतला फरक समजून घ्या.

साधा थर्मोस्टॅट फक्त खोली बघतो. १९ अंश झाले की बॉयलर बंद, खाली आले की चालू. चालू झाला की खोल्यांतल्या रेडिएटरमध्ये जाणारं पाणी ७०-७५ अंशांचं, मग बाहेर बर्फ पडत असो की ऑक्टोबरातली १२ अंशांची संध्याकाळ असो. दूध आटवायला मोठी आच ठेवायची आणि उतू जायला लागलं की गॅस बंद करायचा, तसला हा प्रकार. स्मार्ट थर्मोस्टॅटही दोन तारांवर नुसता चालू-बंद जोडला असेल, तर आच मोठीच राहते. ॲपवर हवामान दिसतं म्हणजे बॉयलर त्याप्रमाणे चालतो असं नाही!

वेदर कॉम्पेन्सेशनमध्ये सेन्सर घराबाहेर असतो. बाहेर शून्य अंश असेल तर पाणी समजा ५५ अंशांचं, १० अंश असेल तर ४०चं. याला हीटिंग कर्व्ह म्हणतात, आणि तो घरागणिक बदलतो. बचत होते ती या कमी गरम पाण्यामुळे. कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता परत मिळवतो, आणि त्यासाठी रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. ७५च्या पाण्यावर हे फारसं घडतच नाही.

याचा तोटा म्हणजे घर सावकाश तापतं. दिवसभर घर रिकामं आणि संध्याकाळी सहाला तासाभरात ऊब हवी, असं असेल तर चिडचिड होईल. घरून काम, लहान मूल किंवा पुण्याहून आलेले आईवडील असतील तर मात्र मी हेच घेईन. आमची आई पहिल्या दिवशी रेडिएटरला हात लावून म्हणाली, "अरे, हा बंद पडलाय!" खोलीत तेव्हा २० अंश होते.

तिसरा पर्याय लोड कॉम्पेन्सेशन. हा खोलीतल्या तापमानाकडे बघून पाणी कमी-जास्त गरम करतो. दक्षिणेच्या मोठ्या काचांतून ऊन येणाऱ्या घरात हा बरा, कारण बाहेरच्या सेन्सरला घरात आलेलं ऊन कळत नाही. बॉयलर आणि थर्मोस्टॅट यांची भाषा जुळायला हवी, मग ती वेगवेगळ्या कंपन्यांत चालणारी ओपनथर्म असो की कंपनीची स्वतःची.

भाड्याच्या घरात यातलं काहीच नको. घरमालकाला विचारून कॉम्बीचं हीटिंगचं तापमान हातानेच ६०वर आणा, खर्च शून्य. गरम पाण्याची टाकी असेल तर मात्र थांबा. न्यूमोनियासारखा आजार करणाऱ्या लिजिओनेला जिवाणूंच्या भीतीमुळे टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवतात, आणि त्यासाठी बॉयलरकडून त्याहून गरम पाणी यावं लागतं.

हीट पंप (बाहेरची उष्णता विजेच्या मदतीनं घरात आणणारं यंत्र) घेणाऱ्यांनी तर हा प्रश्न विचारूच नये, वेदर कॉम्पेन्सेशनच लावावं. तिथे पाण्याचा एकेक अंश विजेच्या बिलात दिसतो.

आणि सेन्सर लावताना स्वतः उभे राहा. भिंत उत्तरेची हवी. खिडकी, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट आणि बॉयलरचं धुराडं यांच्यापासून लांब, नाहीतर फोडणीच्या वाफेनं त्याला जानेवारीत मे महिना वाटेल.