हायड्रॉलिक बॉक्सचा पलंग : दोन पावसाळ्यांनंतर

डोंबिवलीतल्या आमच्या घरात माणसं पाच आणि झोपायच्या खोल्या दोन. त्यातली मोठी खोली दहा बाय अकराची. त्या खोलीसाठी हायड्रॉलिक बॉक्स असलेला पलंग घेतला, म्हणजे खाली सामानाचा खोका आणि वरची फळी गादीसकट पंपाच्या जोरावर उचलली जाते असा. त्याला आता दोन पावसाळे झाले. घेण्याआधी मी खूप जणांना विचारलं होतं. दुकानदार असोत की नातेवाईक, सगळ्यांचं उत्तर एकच : "भरपूर सामान मावतं." मावतं हे अगदी खरं आहे. पण कोणतं सामान त्यात ठेवावं, आणि ठेवलेलं पुन्हा बाहेर निघतं का, हे कुणी सांगितलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते : पलंग चांगला आहे, जरूर घ्यावा. फक्त घर आधी रिकामं करावं आणि मग पलंग आणावा. उलटं केलं तर पैसे वाया जातील.

आमचा पलंग पाच फूट बाय साडेसहा फूट आहे, दुकानात त्याला क्वीन म्हणतात. बॉक्स आतून दहा इंच खोल. कडेच्या फळ्या वजा केल्या तर पंचवीस-सव्वीस घनफूट जागा मिळते. गोदरेजचं उभं लोखंडी कपाट आडवं करून गादीखाली सरकवलं तर जेवढी जागा होईल, जवळपास तेवढी. जमिनीचा एक इंचही न अडवता एवढी जागा मिळणं ही लहान घरात मोठी गोष्ट आहे.

आधी याच ठिकाणी सासूबाईंच्या वेळचा सागवानी बॉक्सचा पलंग होता. त्याच्या वर नुसत्या दोन फळ्या. आतली वस्तू हवी असेल तर आधी गादी उचलायची, भिंतीला टेकवून उभी करायची आणि मग फळी काढायची. गादी कापसाची, पंचवीस-तीस किलोची. एकट्या बाईचं ते काम नव्हे. सामान आत ठेवलं जायचं ते रविवारी, सगळे घरात असताना. ते काढायची गरज मात्र आडदिवशी पडायची, तेव्हा मदतीला कुणी नसायचं. मग हवी ती वस्तू बाजारातून नवीन यायची आणि पुढच्या रविवारी तीही पलंगात जायची. चकलीचे तीन सोरे आमच्या घरात असेच जमले. घरात वस्तू वाढतात त्याला आपण हौस हे कारण देतो, पण आमच्याकडे निम्म्या वस्तू केवळ आधीची हाताशी येत नाही म्हणून आलेल्या होत्या. हायड्रॉलिकचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे वाटतो. गादीसकट फळी एका हाताने वर जाते आणि तशीच उभी राहते. त्यामुळे पलंग उघडला जातो, आणि उघडला जातो म्हणून आत काय आहे ते लक्षात राहतं.

जुना पलंग रिकामा केला तेव्हा त्यातून रुखवताची भांडी निघाली, टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल निघाला, यांच्या कॉलेजातल्या ड्रॉइंगच्या गुंडाळ्या, दोन सतरंज्या, पाळण्यावरची खेळणी, बंद पडलेला व्हीसीआर आणि आमच्या लग्नाची कॅसेट, लेकीच्या पाचवीपासूनच्या वह्या, तांब्याचा बंब, शिवाय कुणाच्या आहेत हे कुणालाच न आठवलेल्या दोन सुटकेसेस. फुटक्या-तुटक्या वस्तूंचा निर्णय लगेच होतो. घोळ होतो तो चांगल्या वस्तूंचा. यातली बरीचशी चांगली होती आणि प्रत्येकीची बाजू घेणारं कुणी ना कुणी घरात होतं. हे म्हणायचे, "राहू दे, लागेल कधीतरी." लेक म्हणायची, "माझं काही टाकायचं नाही."

हा तिढा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी सोडवला. वय ७८, पण डोकं लख्ख. त्या खुर्ची घेऊन मधोमध बसल्या आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच विचारू लागल्या : "कुठल्या महिन्यात लागेल ते सांग." आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा दिवाळीला. मखराचे पडदे आणि कमानी भाद्रपदात. सोऱ्या, मोठी परात आणि तळणीची मोठी कढई फराळाच्या वेळी. रजया डिसेंबरात. पाहुण्यांच्या गाद्या मे महिन्यात. ज्या वस्तूला महिना सांगता आला ती पलंगात. जिचं रोज काम पडतं ती कपाटात किंवा ओट्यावर. जिला महिना नाही आणि रोजचं कामही नाही, तिच्यासाठी दुसरं घर शोधायचं. यावर वाद झाले, पण फार वेळ चालले नाहीत, कारण प्रश्न वस्तू चांगली की वाईट असा नव्हताच. थर्माकोलला महिना नव्हता. ड्रॉइंगच्या गुंडाळ्यांनाही नव्हता. त्यातली दोन चित्रं यांनी फ्रेम करायला दिली आणि बाकीची स्वतःच रद्दीत घातली.

दुसरं घर शोधायला वेळ लागतो, हे धरून चला. रुखवतातल्या पितळी पातेल्यांना कल्हई करून घेतली आणि ती आता रोजच्या आमटीला वापरते. वह्यांमधली कोरी पानं काढून लेकीने दोन जाड कच्च्या वह्या शिवल्या, उरलेलं रद्दीवाल्याला दिलं. कपड्यांसाठी बोहारीण आली. जरीच्या साड्यांना आणि पँटींना तिच्याकडे चांगला भाव, बाकीच्यांना कमी. ती पाच-सहा लहान भांडी देऊ करत होती. आईंनी घासाघीस करून त्या सगळ्यांच्या बदल्यात झाकणाचा एकच मोठा डबा घेतला. त्यात आता तांदूळ असतात. लहान वाडगे घेतले असते तर त्यांना महिना कुठला सांगणार होतो?

कॅसेट आधी स्टुडिओत देऊन पेन ड्राइव्हवर करून घेतली, मग व्हीसीआर ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे पोहोचवला. विजेच्या जुन्या वस्तू भंगाराच्या पोत्यात टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तिथे गेलेल्या वायरी आतल्या तांब्यासाठी कुठेतरी उघड्यावर जाळल्या जातात आणि तो धूर तिथे काम करणाऱ्या माणसांच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांप्रमाणे हा माल नोंदणीकृत रिसायकलरनेच हाताळायचा असतो. मोठ्या सोसायट्यांमध्ये अधूनमधून असं संकलन होतं, तेव्हा चौकशी करावी.

आता खरेदीबद्दल. आम्ही उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून पलंग घेतला. गादी सोडून २७ हजारांना पडला, आणून जोडून देण्यासकट. तिथे दुकानं पुष्कळ आहेत, भावात घासाघीस होते, आणि माप देऊन हवा तसा बनवूनही मिळतो. पण डोळे उघडे ठेवून घ्या. आम्हाला सगळा पलंग प्लायवूडचा म्हणून सांगितला होता. माल घरी आला तेव्हा बॉक्सच्या तळाची फळी पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली निघाली. वरून सनमायका लावल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आमच्या सुताराने तळाला पायाचं भोक पाडताना भुसा पाहिला आणि लगेच सांगितलं. बिलावर 'प्लाय' लिहून घेतलेलं होतं म्हणून दुकानदाराने कुरकुर करत का होईना, तळ बदलून दिला. तेव्हा बिलावर नुसतं 'बॉक्स बेड' लिहू देऊ नका. कुठला भाग कशाचा आणि किती मिलिमीटरचा ते लिहून घ्या. परवडत असेल तर निदान तळ आणि पाय आयएस ७१० छापाच्या मरीन प्लायचे, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचे घ्या. फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, आणि पार्टिकल बोर्डला पाणी लागलं की ते फुगतं आणि पुन्हा पूर्वीसारखं होत नाही.

पंपाचं गणित गादीवर असतं. नळीत दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असतो आणि तो फळीला वर ढकलतो. पंपावर ८००, १००० असे आकडे छापलेले असतात ते न्यूटनचे. १०० न्यूटन म्हणजे अंदाजे १० किलोचं वजन. पंपाची ताकद फळी आणि गादी यांच्या एकत्र वजनाला जुळायला हवी. दुकानात फोमच्या हलक्या गादीवर सगळं सुरेख उघडतं. घरी कापसाची गादी टाकली तर तोच पंप दमतो आणि फळी अर्ध्यातून खाली येऊ लागते. उलट, गादी न टाकता पलंग उघडला तर फळी झटक्याने वर जाते आणि खाली दाबून बसवायला दोन माणसं लागतात. म्हणून कुठली गादी वापरणार हे आधी ठरवा आणि दुकानदाराला तिचं वजन सांगा. आम्ही कापसाची गादी पिंजून घेऊन तिच्यातून पाहुण्यांसाठी दोन पातळ गाद्या करून घेतल्या, पलंगावर फोमची टाकली. वायूचा दाब वर्षांगणिक कमी होतो, पंप बदलावे लागतात. ते बाजारात सुटे मिळतात. घरात लहान मूल असेल तर पलंग उघडा असताना त्याला खोलीत येऊ देऊ नका. दमलेला पंप कधी खाली येईल सांगता येत नाही.

फळी कोणत्या बाजूने उचलायची हेही खोलीचं माप घेऊन ठरवा. आमची पायाकडून उघडते, म्हणून पायाकडे दोन फूट मोकळी जागा सोडावी लागली आणि तिथलं टेबल हलवावं लागलं. उशाकडचा भाग हाताला लागत नाही. गुडघे टेकून आत वाकावं लागतं, त्यामुळे तिथे रजया आणि गाद्याच ठेवते, भांडी कधीच नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. डोंबिवलीत जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते आणि बंद बॉक्समध्ये ती मुरते. पहिल्या पावसाळ्यात पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटून होता आणि त्या बाजूच्या सोलापुरी चादरींना कुबट वास लागला. नंतर पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला, सुताराकडून तळाला आणि दोन्ही कडांना जाळीची भोकं पाडून घेतली, आणि कापडात वेखंडाचे तुकडे बांधून ठेवले. दुसऱ्या पावसाळ्यात वास आला नाही. लोकर आणि रजया प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत राहिलेला दमटपणा तिथेच कोंडतो. जुन्या सुती साडीत गुंडाळा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळं गच्चीवर काढून उन्हात टाकायचं आणि पलंग दिवसभर उघडा ठेवायचा. त्या दिवशी आत काय आहे याची उजळणी आपोआप होते. फळीच्या आतल्या बाजूला लेकीने यादी चिकटवली आहे, वस्तू आणि पुढे महिना. ज्या वस्तूचा महिना येऊन गेला आणि ती बाहेर निघाली नाही, तिच्याबद्दल आई पुन्हा विचारतात.

एका गोष्टीला या पलंगात जागा नाही, आणि ती घेण्याआधी विचारात घ्या. मी गौरींचे मुखवटे आणि आईंच्या पोथ्या आत ठेवायला निघाले होते. आईंनी थांबवलं : "ज्यावर आपण झोपतो त्याच्या खाली देव ठेवत नाहीत." मला ते मनापासून पटलं. मुखवटे, पोथ्या, चौरंग आणि देवाचे पाट यांच्यासाठी हॉलमधल्या माळ्यावर एक दार असलेला कप्पा करून घेतला. बहुतेक घरांत ही अडचण येणारच, तेव्हा सगळं पलंगात जाईल असं धरून माळा पाडून टाकू नका.

आणखी एक गैरसोय म्हणजे पलंगावर कुणी झोपलं असेल तर बॉक्स बंदच. आई दुपारी दोन ते चार पडतात. घरात आजारी किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्याच्या पलंगाखाली काही ठेवायचं नाही, निदान औषधं, कागदपत्रं, पैसे तर नाहीच नाही.

आता मुलांच्या खोलीतला पलंग बदलायचा आहे. लेकीला बॉक्सचाच हवा होता, म्हणजे तिच्या वस्तू तिच्याजवळ राहतील. आम्ही दोघींनी तिच्या वस्तू अंथरून पाहिल्या. रोजच्या वस्तू टेबलाच्या खणात बसल्या, महिना असलेल्या आधीच मोठ्या पलंगात होत्या, आणि त्या दोन्हींत न बसणारं तिने स्वतःहून मैत्रिणींना आणि धाकट्या मावसबहिणीला दिलं. त्या खोलीसाठी बॉक्स नसलेला, एक फूट उंच पायांचा साधा लाकडी पलंग सांगितला आहे, म्हणजे खालून झाडू फिरेल.