आंजर्ल्याच्या वाडीतला मुक्काम: कुत्र्यांसह राहण्याजोगे घर

दापोली तालुक्यातील आंजर्ले येथे, नारळ-पोफळीच्या वाडीत, एका कुटुंबाने चालवलेल्या घरगुती निवासात मी आणि माझे पती आमच्या दोन कुत्र्यांसह राहून आलो, आणि घरी कुत्री असलेल्या जोडप्यांनी किनाऱ्यावर जायचे तर असेच ठिकाण शोधावे, असे माझे ठाम मत झाले आहे. ‘पाळीव प्राण्यांना परवानगी’ असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते. प्रत्यक्षात मात्र कुत्र्यांना वाहनतळाशेजारी बांधून ठेवण्यास सांगितले जाते, आणि मग दोघांपैकी एकाला सतत त्यांच्यापाशी बसून राहावे लागते. अशा मुक्कामाला विश्रांती म्हणता येत नाही.

येथे तसे झाले नाही. वाडीभोवती जांभ्या दगडाचा छातीएवढा गडगा आहे, फाटकाला खालपर्यंत जाळी आहे आणि आडावर घट्ट झाकण आहे, त्यामुळे आत शिरताच कुत्र्यांचे पट्टे सोडता आले. नोंदणीच्या वेळीच काकांनी लसीकरणाची चौकशी केली होती आणि कुत्री कोंबड्यांच्या मागे लागतात का, हेही विचारले होते. असे प्रश्न विचारणारा यजमान मला आश्वासक वाटतो, कारण त्याने कुत्र्यांच्या येण्याचा आधीच विचार केलेला असतो. काकू कुत्र्यांसाठी बिनमिठाचा मऊ भात आणि अंडी उकडून देत. सुरुवातीला पोफळीची विरी, म्हणजे झावळीचा बुंध्याकडचा रुंद भाग, धपकन खाली पडली की आमचा लॅब्रडोर भुंकत उठे; पुढे तो मानही वर करीनासा झाला आणि सारवलेल्या खळ्यात पोट टेकून दुपारभर झोपू लागला. आम्ही दोघे पडवीतल्या झोपाळ्यावर वाचत बसलो होतो, आणि कितीतरी दिवसांनी आमचे बोलणे कोणाच्याही हाकेने तुटले नाही.

जेवण शाकाहारी, साधे आणि उत्तम होते. सकाळी घावने, दुपारी कुळथाचे पिठले किंवा फणसाची भाजी, सोबत सोलकढी, आणि आधी सांगितल्यास उकडीचे मोदक. मासे हवे असणाऱ्यांना जवळच्या हर्णै बंदरावर सायंकाळी होणारा लिलाव पाहता येतो, पण त्या गर्दीत कुत्री नेऊ नयेत.

किनारा वाडीपासून चालत जाण्याजोगा आहे. ओहोटीच्या वेळी वाळू घट्ट असते आणि सकाळी फारशी वर्दळ नसते. तरीही येथे कुत्री मोकळी सोडू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे या किनाऱ्यावर अंडी घालतात आणि गावकरी ती घरटी कुंपणात हलवून पिल्ले बाहेर येईपर्यंत राखतात. कुत्र्याच्या नाकाला वाळूखालचे घरटे चटकन सापडते, आणि एका उकरण्यात शंभराच्या आसपास अंडी नष्ट होऊ शकतात. आपल्या कुत्र्याच्या आनंदासाठी गावाने वर्षानुवर्षे केलेल्या राखणीवर पाणी पडता कामा नये. शिवाय जाळ्यातून टाकून दिलेला शिंगाळा मासा वाळूत पडलेला असतो. त्याचा काटा पंजात किंवा तोंडात रुतला तर जखम चिघळते. खारे पाणी प्यायल्याने कुत्र्यांना जुलाब होतात, म्हणून गोड्या पाण्याची बाटली जवळ असावीच. परत आल्यावर अंग धुण्यासाठी फाटकालगत नळ आहे, ही सोय फार उपयोगी पडली.

कड्यावरच्या गणपतीला आम्ही आळीपाळीने गेलो. तेथून हर्णैच्या समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसतो.

उणिवाही सांगायला हव्यात. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात या वाडीतली जुनी झाडे मोठ्या प्रमाणावर पडली. नव्याने लावलेली रोपे अजून सावली देण्याइतकी वाढलेली नाहीत, त्यामुळे मागच्या भागात दुपारी ऊन तापते. खोल्यांत वातानुकूलन नाही आणि वीज अधूनमधून जाते, म्हणून दाट केसांच्या कुत्र्यांना एप्रिल-मे महिन्यांत येथे आणू नये. गोचिडांचे औषध निघण्यापूर्वीच लावून घ्यावे, आणि पशुवैद्याची गरज पडल्यास दापोली गाठावी लागेल, हे गृहीत धरावे. आमच्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत योग्य आहे; मात्र कुत्र्यांना घेऊन येणारे एकच कुटुंब एका वेळी ठेवण्याचा काकांचा नियम असल्याने नोंदणी बरीच आधी करावी लागते.