कोपरखैरण्यातला रविवारचा फौजी गट, 8 महिन्यांनंतर लिहितोय (5 पैकी 4 स्टार)

मी बॉम्बे सॅपर्सचा (फौजेची इंजिनिअर रेजिमेंट), 17 वर्षं नोकरी करून 36 व्या वर्षी नाईक रँकवर पेन्शन आलो. गाव साताऱ्याकडं, पण मोठा भाऊ एपीएमसी मार्केटला माथाडी, त्यामुळं कोपरखैरण्यात आधीपासून घर होतं म्हणून मीपण बायकापोरांना घेऊन इथंच आलो. गावात ओळख असते, मिलिटरीवाला आला म्हणून लोक पारावर बोलावतात, इथं सेक्टरमध्ये शेजारच्याला माहीत नसतं तुम्ही कोण.

रिटायर फौजींच्या या गटाला नाव नाही, बोर्ड नाही. एका सोसायटीचा पहिल्या मजल्यावरचा हॉल, दर रविवारी सकाळी 7 वाजता. 7 म्हणजे 6:50 ला सगळे बसलेले असतात हे सांगायला नको. 20-25 जण येतात, घणसोली, ऐरोली, कामोठे, एकजण तर कळव्यावरून. फी नाही, चहाचे आणि हॉलचे 50 रुपये डब्यात टाकायचे, नसले तर कोण विचारत नाही.

मी आधी गेलो ते कागदासाठी, खरं सांगतो. डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना मिळतं ते) मुलीची जन्मतारीख एक आणि आधारवर दुसरी, त्यामुळं फौजी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर अडकलेलं. इथं पहिला अर्धा तास फक्त कागदांचा असतो. कुणाचं हयातीचं प्रमाणपत्र राहिलंय, कुणाच्या बायकोच्या नावात स्पेलिंग चुकलंय, कुणाला ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या औषधोपचाराची योजना) कार्ड काढायचंय, कुणाला पोरासाठी सैनिकी वसतिगृहाची माहिती पाहिजे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाताना काय काय न्यायचं, सगळं ज्यानं आधी केलंय तोच सांगतो आणि लागलं तर बरोबर येतो. राज्य सरकारच्या क आणि ड गटाच्या भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के आरक्षण आहे, जाहिरात आली की फॉर्म भरून घ्यायला एक पोरगा लॅपटॉप घेऊन बसतो. माझं काम तीन रविवारात मार्गी लागलं. नुसत्या एवढ्यासाठी पण जायला हरकत नाही.

पण मी टिकलो ते बडीमुळं. जे फौजेत नव्हते त्यांच्यासाठी सांगतो, तिथं प्रत्येक जवानाला एक बडी असतो. तुम्ही जेवलात का, घरून फोन आला का, आज गप्प का, हे त्याला न विचारता कळतं. पेन्शन आल्यावर खोली, राशन, युनिफॉर्म सगळं जातं त्याची तयारी असते, बडी जातो त्याची नसते. या गटात नवीन माणसाला एक बडी देतात, घरी येऊन निदान दोन वर्षं झालेला, शक्यतो जवळपास राहणारा. पहिले तीन महिने तो रोज रात्री 9 ला फोन करतो, रोल कॉलसारखा. माझा बडी घणसोलीचा, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा रिटायर हवालदार, आता एका बँकेत गार्ड. सुरुवातीला मला वैताग यायचा, दोन मिनिटं बोलून ठेवून द्यायचो. मग एका रात्री सिक्युरिटीच्या नोकरीत (कुठं ते लिहीत नाही) सगळ्यांसमोर अपमान झाला होता आणि मी घरी न जाता खाडीकडं बसलो होतो, 9 ला फोन वाजला आणि मी पाऊण तास बोललो. तो फक्त म्हणाला, बस तिथंच, येतो. आला. मग दोघं भुर्जीपाव खाऊन घरी गेलो.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटायची, आता वाटत नाही. आम्ही सॅपर लोक, सुरुंगाचं काम. इकडं पावसाळ्याआधी सगळे रस्ते खोदलेले असतात आणि नवी उकरलेली माती दिसली की माझा पाय आपोआप थांबतो, मी लांबून वळसा घालतो. मुलगी विचारायची पप्पा सरळ का नाही चालत. हे मी बायकोला पण बोललो नव्हतो, गटात एकदा बोललो तर समोरचा एकजण म्हणाला मी पण कडेकडेनंच चालतो. कोण हसलं नाही, कोण मोटिव्हेशनचं भाषण दिलं नाही. झोपच लागत नसेल, वाईट विचार येत असतील तर ते स्वतः डॉक्टरकडं पाठवतात, 14416 हा टेली मानसचा फ्री नंबर (24 तास, मराठीतपण बोलतात) प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून घेतात. आपण डॉक्टर नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे आणि हे मला फार आवडलं.

एक स्टार का कापला. रँक. रिटायर सुभेदार साहेब बोलायला लागले की आम्ही शिपाई नाईक लोक आपोआप सावधान होतो, तोंड बंद. हे मी सांगितलं, साहेबांनी मनावर घेतलं, आता ते शेवटी बोलतात, तरी फरक अजून पूर्ण पडलेला नाही. आणि बायकांची बैठक दोन महिन्यातून एकदाच, ती पण वर्षश्राद्धासारखी उरकतात. अरे 17 वर्षं घर तिनं एकटीनं चालवलं, आता नवरा 24 तास घरात बसून चादरीच्या घड्या मोजतोय, तिला पण बोलायला कोणतरी पाहिजे ना. वीरपत्नींना तर कुणी बोलावलेलंच नाही अजून. हे बदलायलाच पाहिजे, मी दर महिन्याला विषय काढतोय आणि काढत राहणार.

परवा अग्निवीरांचा विषय निघाला. 2022 ला योजना आली, चार वर्षांनी 25 टक्केपर्यंतच पोरं पुढं राहणार, बाकीची विशी-पंचविशीत परत, पेन्शन नाही. काहीजण म्हणाले ते माजी सैनिकात धरत नाहीत. साहेब म्हणाले, इथं धरू. त्या दिवशी मी साहेबांना मनापासून सॅल्यूट केला.

यायचं असेल तर डिस्चार्ज बुक आणि पीपीओची (पेन्शनची ऑर्डर) झेरॉक्स आणा. हॉल म्हणजे कोपरखैरणे स्टेशनपासून रिक्षानं पाच मिनिटं, पत्ता कुठल्याही इकडच्या फौजीला विचारा, सांगेल. लिफ्ट नाही, गुडघे दुखत असतील तर खालून आवाज द्या, दोघंजण येतात. गेल्या महिन्यापासून मलापण एक बडी दिलाय, कामोठ्याचा, नुकताच आलेला, फोनवर अजून हो नाही एवढंच बोलतो. मी 9 ला लावतोच.