पंचाहत्तरीनंतर कोलेस्टेरॉलची गोळी: सुरू करावी की राहू द्यावी?

घरातल्या ज्येष्ठांच्या रिपोर्टवर एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १५० दिसलं की सगळ्यांचं लक्ष त्या आकड्याकडे जातं. माझ्या मते आधी बघायचं ते हे: हार्ट अ‍ॅटॅक, स्टेंट, बायपास किंवा पक्षाघात यातलं काही होऊन गेलंय का?

गेलं असेल तर फार तोलत बसू नये, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी नेहमीची गोळी) घ्यावी. एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरलं की मोठ्या झटक्यांचा धोका सुमारे एक पंचमांशाने घटतो. २८ चाचण्यांची आकडेवारी २०१९ मध्ये एकत्र तपासली, तेव्हा रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून असलेल्या पंचाहत्तरीपुढच्या लोकांनाही फायदा झालेला दिसला.

आजवर काहीच झालेलं नाही, त्यांचा निर्णय मात्र खरोखर अवघड आहे, कारण त्याच अभ्यासात या वयातल्या अशा लोकांचा फायदा ठामपणे सिद्ध झाला नाही. गोळीचा उपयोग दिसायला साधारण दोन-अडीच वर्षं लागतात, हेही धरून चालावं. मधुमेह आहे, पण माणूस हिंडता-फिरता आहे, तर मी सुरू करण्याच्या बाजूने. शरीर थकलंय, आधीच सात-आठ गोळ्या चालू आहेत, तोल जातो, तर राहू द्यावी. मधल्यांनी हृदयाच्या कॅल्शियम स्कॅनबद्दल (धमन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारी तपासणी) डॉक्टरांना विचारावं. या वयात बहुतेकांच्या धमन्यांत थोडंफार कॅल्शियम सापडतंच, म्हणून स्कोअर शून्य आला तर थांबायला भक्कम आधार मिळतो.

घ्यायचं ठरलं तर मध्यम डोस पुरे. डोस दुप्पट केल्याने एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं, तर सोबत इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध दिल्यावर वीसेक टक्के. स्टॅटिन सोसतच नसेल तर एकटी इझेटिमाइबही देतात, पण तिच्यामागचा पुरावा स्टॅटिनइतका मोठा नाही.

बहुतेकांना भीती वाटते ती अंगदुखीची. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना २०२० च्या एका चाचणीत कधी खरी गोळी, कधी तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली, काही महिने काहीच दिलं नाही. स्टॅटिनवर जेवढा त्रास नोंदला गेला, त्याच्या ९० टक्के त्रास बिनऔषधाच्या गोळीवरही झाला. म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. दोन्ही मांड्या एकदम दुखतात, हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठवत नाही, असं झालं तर सीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइड तपासून घ्यावं, कारण थायरॉइड मंदावल्यानेही स्नायू दुखतात आणि एलडीएल चढतं. लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

वर्षानुवर्षं गोळी चालू आहे, त्रास काही नाही, अशांनी केवळ वय झालं म्हणून ती बंद करू नये. फ्रान्समधल्या ७५ वर्षांच्या लोकांच्या नोंदी पाहिल्या, तर गोळी सोडलेल्यांना हृदय-रक्तवाहिन्यांच्या तक्रारींसाठी दवाखान्यात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने जास्त आढळलं. आजारी माणसं गोळ्या आधी सोडतात, त्यामुळे हा आकडा थोडा फुगलेला असू शकतो. तरीही बंद करायचीच असेल तर डॉक्टरांशी बोलून करावी.