कंपनी वायोमिंगची, मालकीण जळगावची: परदेशी बिझनेस खातं वापरल्यानंतर

भारतात राहून अमेरिकेत एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढली तर तिच्या नावाने बिझनेस खातं मिळतं का? जळगाव, भुसावळ, शिरपूरकडची सॉफ्टवेअरमधली पोरं-पोरी हा प्रश्न मला सारखा विचारतात. मिळतं. माझं खातं गेले कित्येक महिने सुरू आहे. ग्राहकांचे पैसे त्यात येतात, सर्व्हरचं बिल त्यातून जातं आणि उरलेलं जळगावात येतं. पण पात्रतेची अट जाहिरातीत एका ओळीत असते आणि प्रत्यक्षात तिचा पसारा मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. खातं देणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही. मला त्रास झाला तो एका ठिकाणी, पण नियम थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच आहेत.

माझा धंदा म्हणजे ऑनलाइन दुकानांसाठीचं एक छोटं सॉफ्टवेअर, महिन्याच्या वर्गणीवर. ग्राहक बहुतेक अमेरिकेतले. त्यांना कार्डाने किंवा तिकडच्या तिकडे, एसीएचने (अमेरिकेतल्या बँक-ते-बँक ट्रान्सफरने) पैसे भरायचे असतात. कार्डाचे पैसे गोळा करून देणाऱ्या स्ट्राइपचं भारतातलं खातं २०२४पासून फक्त निमंत्रणावर मिळतं. त्यामुळे कंपनी तिकडे काढायची ठरली.

खात्यासाठी आधी कंपनीचे कागद लागतात: अमेरिकेतल्या राज्याकडचं (माझं वायोमिंग) नोंदणीपत्र आणि अमेरिकन करखात्याचा ईआयएन, म्हणजे कंपनीचा करक्रमांक. ज्याच्याकडे अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा तिकडचा वैयक्तिक करक्रमांक नाही त्याला हा ऑनलाइन मिळत नाही. फॉर्म एसएस-४ भरून फॅक्स करायचा आणि थांबायचं. एजंट मंडळी याचे भरपूर पैसे घेतात, पण फॉर्म एक-दोन पानांचा आहे आणि करखातं त्याची काहीही फी घेत नाही. क्रमांकाचं पत्र आलं की जपून ठेवा, खातं उघडताना पहिल्यांदा तेच मागतात.

मग येतो माणूस. अमेरिकेत मे २०१८पासून नियम आहे की कंपनीचं खातं उघडताना २५ टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्या प्रत्येकाची आणि कारभार पाहणाऱ्या एकाची ओळख पटवायची. म्हणजे कंपनी अमेरिकेची असली तरी तपासणी जळगावच्या पासपोर्टची होते. भारतात राहणारा मालक बहुतेक ठिकाणी चालतो. क्रिप्टो, जुगार, पैसे पाठवण्याचा धंदा असेल तर साधारणपणे दारातूनच परत पाठवतात.

खरी अडचण नाव आणि पत्ता या दोन गोष्टींत आहे, आणि ती आपल्याकडच्या माणसाला जास्त भोवते. आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टवर पहिली दोन एकत्र येतात. नोंदणी करणारा एजंट मधलं नाव गाळून टाकतो, पॅनवर ते पूर्ण असतं, बँकेच्या स्टेटमेंटवर नुसतं एक अक्षर. तिकडच्या संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. माझं नाव मी पहिल्या कागदापासून पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहिलं, म्हणून सुटले. पण धुळ्याच्या एका मैत्रिणीला लग्नानंतरच्या नावाचे आणि आधीच्या नावाचे कागद जुळवत बसावं लागलं, आणि शेवटी जिथे कंपनी नोंदवली त्या अमेरिकन राज्याकडे दुरुस्ती अर्ज करावा लागला.

पत्त्याचं तर विचारूच नका. गट नंबर, ‘मारुती मंदिराजवळ’, घर क्रमांक नाही, महावितरणचं बिल सासऱ्यांच्या नावावर. हे परदेशात कसं चालणार? सगळ्यात उपयोगी पडलं ते माझ्या नावाचं इंग्रजीतलं बँक स्टेटमेंट, ज्यावर पत्ता पासपोर्टप्रमाणेच होता. खातं उघडायच्या आधी आपल्या बँकेत जाऊन पत्ता नीट करून घ्या, नंतरची धावपळ वाचेल.

दुसरा पत्ता धंद्याचा. वायोमिंगमध्ये नोंदणीसाठी जो एजंट असतो त्याच्या एकाच पत्त्यावर असंख्य कंपन्या असतात. तो पत्ता कायदेशीर नोटिसा घेण्यासाठी आहे. खात्याच्या अर्जात ‘प्रत्यक्ष काम कुठून चालतं’ असं विचारतात, तिथे तो देऊ नका. अनेक यूट्यूबवाले तसंच सांगतात, आणि सुरुवातीला खातं उघडतंही. पण लॉगिन रोज जळगावच्या इंटरनेटवरून, पासपोर्ट भारताचा आणि ऑफिस म्हणे वायोमिंगचं, ही विसंगती कधी ना कधी पकडली जाते आणि मग खातं पैशांसकट अडकतं. मी सरळ जळगावचा पत्ता दिला. अर्ज थोडा जास्त रेंगाळला, एवढंच.

खातं सुरू झाल्यावर आमचे अमळनेरचे मामा आले होते. सगळं ऐकून म्हणाले, “कंपनी तठे, तू आठे, मंग हिशेब कोठे?” इतका नेमका प्रश्न मला त्या खात्याच्या अर्जानेही विचारला नव्हता. कारण पात्रता फक्त तिकडची नसते. भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशी कंपनीत भांडवल घालणं ही ऑगस्ट २०२२च्या फेमा (परकीय चलन कायदा) नियमांप्रमाणे परदेशी गुंतवणूक आहे. पैसे पाठवण्याआधी किंवा हिस्सा घेण्याआधी, जे आधी घडेल त्याच्या अगोदर, आपल्या अधिकृत डीलर बँकेमार्फत (परकीय चलनाची परवानगी असलेली बँक) फॉर्म एफसी भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. पुढे दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक अहवाल. रकमेची मर्यादा एलआरएसचीच (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना), आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर.

आमच्या शाखेत हे काम होत नव्हतं, कागद दुसऱ्या शहरात जायचे आणि प्रत्येक वेळी नवी शंका घेऊन परत यायचे. मला राग याचा येतो की खातं विकणारे यातलं अक्षरही सांगत नाहीत. तिशीच्या आतली, पहिल्यांदा डॉलर कमावणारी मुलं नकळत कायद्याच्या बाहेर उभी राहतात. आयकर विवरणपत्रातल्या शेड्यूल एफएमध्येही (परदेशी मालमत्तेचा तक्ता) कंपनी आणि खातं दोन्ही दाखवायचं असतं, आणि तिथे आकडे कॅलेंडर वर्षाचे लागतात. काळ्या पैशाच्या २०१५च्या कायद्याखाली ते न दाखवल्यास १० लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट आहे, पण दाखवायचं बंधन तसंच आहे.

आता रोजच्या वापराबद्दल. ॲप उत्तम आहे, एसीएचने आलेल्या पैशावर मला काही कापून जात नाही, आणि प्रत्येक खर्चासाठी वेगळं व्हर्च्युअल कार्ड काढता येतं ही सोय मला फार आवडते. पैसे भारतात आणताना माझी इथली प्रोप्रायटरी फर्म एलएलसीला बिल देते आणि त्या बिलावर स्विफ्टने (आंतरराष्ट्रीय बँक ट्रान्सफरने) रक्कम येते. बँक परपज कोड (पैसे कशाचे आले ते सांगणारा क्रमांक) विचारते, बिल मागते, ते तयार ठेवलं की काम होतं.

एकदा नेहमीपेक्षा मोठी रक्कम आली आणि बाहेर जाणारे सगळे व्यवहार थांबवले गेले. त्यांनी करार, बिल आणि ग्राहकाची वेबसाइट मागितली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा आपण साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा, त्यामुळे त्यांचं कामकाज आपल्या संध्याकाळी सुरू होतं. फोन नाही, फक्त ईमेल. त्या काळात सर्व्हरचं बिल थकलं असतं तर ग्राहकांची दुकानं बंद पडली असती. इथल्या कार्डाने ते भरता आलं म्हणून निभावलं. तेव्हापासून सगळे पैसे मी एकाच खात्यात ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. अशी बरीच खाती देणाऱ्या कंपन्या स्वतः बँका नसतात. पैसे मागच्या भागीदार बँकेत असतात. एफडीआयसी या अमेरिकेतल्या ठेवविमा संस्थेचं अडीच लाख डॉलरचं संरक्षण बँक बुडाली तर आहे, मधली कंपनी बुडाली तर नाही. एप्रिल २०२४मध्ये सिनॅप्स ही मधली कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा हजारो लोकांचे पैसे महिनोन्महिने अडकले होते. भागीदार बँक कोणती, हे अर्ज करण्याआधी वाचा.

वार्षिक खर्च: वायोमिंगची फी किमान ६० डॉलर, डेलावेअर असेल तर १ जूनपर्यंत ३००. कर शून्य असला तरी एकट्या परदेशी मालकाच्या एलएलसीला मालकाशी झालेल्या व्यवहारांचा फॉर्म ५४७२ अमेरिकन करखात्याकडे भरावा लागतो आणि तो चुकला तर दंड २५,००० डॉलर. जळगावात हे करणारा सीए शोधायला वेळ लागला.

इतर देशांचं थोडक्यात: सिंगापूरच्या कंपनीला तिथला रहिवासी संचालक लागतो. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी (परदेशी माणसाला मिळणारं डिजिटल ओळखपत्र) घेतली म्हणून बँक खातं मिळेलच असं नाही. दुबईची फ्री झोन कंपनी काढणारे आपल्याकडे बरेच आहेत, पण तिथला राहण्याचा व्हिसा नसेल तर खातं अवघड जातं.

गेल्या आठवड्यात रावेरकडच्या एका केळी निर्यातदार भाऊंनी विचारलं, आखाती देशांतून डॉलर येतात, मीही अमेरिकेत कंपनी काढू का? मी नको म्हटलं. चटईवाले असोत की केळीवाले, माल इथून बोटीने जातो, ग्राहक बँकेमार्फत पैसे भरतो, तिथे मधे परदेशी कंपनी घालून फक्त कागद वाढतात. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आपल्याच बँकेत ईईएफसी खातं उघडता येतं. निर्यातीची १०० टक्के कमाई त्यात जमा करता येते. व्याज मिळत नाही आणि न वापरलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत रुपयांत बदलावी लागते. भाऊंच्या बँकेने त्यांना हे कधी सांगितलंच नव्हतं. सोमवारी ते फॉर्म मागायला शाखेत जाणार आहेत.