थापा मारलेली तीन पुस्तकं, शेवटी वाचली बुवा

आधी कबुली. 'कोसला' वाचलंयस का असं कोणी विचारलं की मी गेली पंधरा वर्षं मान हलवत आलोय, आणि खरं सांगायचं तर चाळीस पानांपुढे कधी गेलोच नव्हतो. या पावसाळ्यात म्हटलं बास, ज्या तीन पुस्तकांबद्दल थापा मारल्या ती एकदाची वाचून टाकू.

पहिलं लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. मला वाटायचं, आजीच्या पिढीचं देवभोळं काहीतरी असणार. कसलं काय! बाई इतक्या मिश्कील आहेत की लोकलमध्ये दोनदा फस्सकन हसलो आणि शेजारच्या काकांनी वाकून कव्हर बघितलं. 1857 च्या बंडापायी आजोबांना फाशी झाली, त्या धक्क्याने वडलांना सोवळ्याचं वेड लागलं, घरात येईल ते धुवून घ्यायचं, हे त्या अशा काही सांगतात की आधी हसू येतं आणि मग डोक्यात येतं की ते धुणारे हात घरातल्या बायकांचे होते. नवऱ्यावर जीव आहे पण आरती ओवाळणं नाही, त्यांचा तापटपणा, हातात पैसा न टिकणं, न सांगता निघून जाणं, सगळं रोखठोक. 1895 मध्ये नवरा, म्हणजे कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले, पण ह्या लगेच मागोमाग गेल्या नाहीत, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, कुढल्या, भांडल्या, आणि जात हे काय प्रकरण आहे याचा विचार स्वतःच्या डोक्याने केला. मला पुस्तकातला हा भाग सगळ्यात भारी वाटला.

आणि नेमकी तिथेच माझ्या प्रतीत गोची, सोळा पानांचा एक फॉर्मा दोनदा लागलेला आणि पुढचा गायब. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, पानं तेवढीच आहेत ना साहेब! शेवटी ती पानं लायब्ररीत उभ्या उभ्या वाचली. घेताना चाळून घ्या, एवढंच सांगतो. चौथा भाग थोडा विस्कळीत वाटला, पण 1936 ला त्या गेल्याच, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार.

'रणांगण' हे विश्राम बेडेकरांचं, 1939 चं. इतकं बारीक की एका रात्रीत संपतं, पण मग झोप येत नाही ती वेगळी. युरोपातून मुंबईला येणारी बोट, तिच्यावर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, त्यातली हॅर्टा आणि आपला चक्रधर. हा चक्रधर मला आवडला नाही, एका बाईने मन मोडलं म्हणून सगळ्या बायकांवर राग काढणारा माणूस, दोन थोबाडीत द्याव्या वाटतात. पण बहुतेक लेखकालाही तेच हवं असावं. शेवट सांगत नाही. एवढंच म्हणतो की बोटीला बंदर आहे पण सगळ्यांना उतरायची परवानगी नाही, हे ज्या थंडपणे लिहिलंय ना, ते आज बातम्या बघताना पण आठवतं.

आता 'कोसला'. नेमाड्यांनी विशी-पंचविशीत लिहिलेलं, 1963 चं. चाहते मारतील, पण मधला कॉलेज-होस्टेल-मेसचा भाग मला लांबला, पोरांचे तेच ते उद्योग, मी स्वतः पुण्यात होस्टेलला राहिलोय तरी कंटाळलो. पण नायक पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मरणाची पानं आली आणि पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. माझी धाकटी बहीण आहे, म्हणूनही असेल. त्या पानांत पांडुरंगची सगळी टवाळी गळून पडते, नुसता उघडा राग आणि रडू उरतं. तेवढ्यासाठी तरी वाचाच. साइड इफेक्ट एकच, आठवडाभर माझ्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये पांडुरंगच्या तोंडचं उदाहरणार्थ आणि वगैरे घुसत होतं, बायकोने विचारलं बरं आहे ना तुला वगैरे.

कुणाला सुरुवात करायची असेल तर 'स्मृतिचित्रे'पासून करा, 'कोसला'पासून नको, नाहीतर माझ्यासारखी चाळीस पानांवर खूण घालून पंधरा वर्षं मान हलवत बसाल.