सावदा ते आझादपूर: एक ड्रायव्हर की दोन?

पहिल्यांदा दिल्लीचा फेरा घेणारा ट्रकमालक हमखास एकाच ठिकाणी अडतो: क्लीनर आहे ना सोबत, मग दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार आणि भत्ता कशाला? मीही अडलो होतो. उत्तर गाडीत काय भरलंय त्यावर आहे.

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याहून दिल्लीची आझादपूर मंडी साधारण अकराशे किलोमीटर. घाट, टोल, गावातली गर्दी धरली तर भरलेली दहा टायर तासाला सरासरी ४० च्या वर जात नाही. म्हणजे स्टेअरिंगवर २७-२८ तास. ड्रायव्हरचं काम दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ आणि सलग ५ तास झाले की अर्धा तास विश्रांती, हा हिशेब १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यापासून चालत आलाय. आपल्याकडे तो बहुतेक कागदावरच राहिला, ही गोष्ट वेगळी. तो पाळला तर सोमवारी संध्याकाळी निघालेला एकटा ड्रायव्हर शुक्रवारी दिल्लीत पोचतो. दोघे आलटून-पालटून बसले तर तीच गाडी बुधवारी पोचते.

आता केळी घ्या. कच्चा घड कापला तरी जिवंतच असतो, आतून गरम होत राहतो. त्यात एखादी फणी पिकायला लागली की शेजारच्यांनाही पिकवते. आपल्याकडचा मे महिना कसा असतो ते रावेर-भुसावळच्या माणसाला सांगायला नको. एका मे महिन्यात मी काटकसर म्हणून एकच ड्रायव्हर पाठवला. माणूस शहाणा. मी सांगितलं तसा रात्री थांबला, झोपला, नियमानं गेला. मंडीत ताडपत्री सोडली तेव्हा वरचा थर हिरवागार होता. हमालानं मधल्या थरात हात घातला आणि भाकरीच्या तव्याला लागावा तसा झटकन बाहेर काढला. खाली फण्या पिवळ्या पडलेल्या, वास सुटलेला. व्यापाऱ्यानं भाव पाडला आणि गावी शेतकरी मला विचारू लागला, "भाऊ, माल मी हिरवा देला होता, पिकवला कोनी?" त्याचं काय चुकलं?

म्हणजे केळीला एकटा ड्रायव्हर दिला की दोनच वाटा उरतात: तो झोपेल तर माल जाईल, नाही झोपला तर गाडी आणि माणूस. दुसऱ्या ड्रायव्हरचा खर्च मी आता भाड्यातच धरतो. तेवढं भाडं मिळत नसेल तर तो फेरा सोडून देतो.

पण दुसरा ड्रायव्हर म्हणजे ड्रायव्हरच. "क्लीनर पण चालवून घेतो" हे वाक्य आपल्या धंद्यात फार ऐकू येतं. त्याच्याकडे जड वाहनाचं लायसन्स नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० खाली मालकालाच ५,००० दंड होऊ शकतो. अपघात झाला तर विम्याचा क्लेम अडकतो, तो धक्का त्याहून मोठा. व्यावसायिक लायसन्सची मुदत ५ वर्षांची असते, तारीख स्वतः बघा. आणि झोपायची जागा? १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची आहे. जुन्या गाडीत दुपारी दोन वाजता मागच्या बाकड्यावर कोणालाही झोप लागत नाही. तिथं दोन ड्रायव्हर नेऊनही तुम्ही दीडच नेलेले असतात.

रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठींचं गणित उलटं. माल खराब होत नाही, घाई कसली? फक्त कागद वाढतात. ताजी केळी जीएसटीतून मोकळी, म्हणून तिला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागत नाही. बिल आणि बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) सोबत असली की झालं. गाठींना ५०,००० रुपयांच्या वर ई-वे बिल हवंच. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे अकराशेला ६ दिवस. एकटा ड्रायव्हर रोज रात्री पाय पसरून झोपला तरी मुदतीत पोचतो. वाटेत गाडी बिघडलीच तर मुदत संपण्याआधी ८ तास ते नंतर ८ तास या वेळात ती वाढवून घेता येते. गाठींसाठी मी एकाच ड्रायव्हरवर खुशाल गाडी सोडतो.

रस्त्याचं थोडक्यात. बऱ्हाणपूर-खंडवामार्गे इंदूर जवळ पडतं. शिरपूर-सेंधव्याकडून ऐंशी-नव्वद किलोमीटर जास्त, माझ्या गाडीच्या ४ च्या ॲव्हरेजनं २०-२२ लिटर डिझेल. पण तिकडं शिरपूरपासून चौपदरी आहे, बिजासन घाट सोडला तर गाडी पळते. बऱ्हाणपूरच्या वाटेवर सिमरोल घाटात एकदा अडकलात की वाचलेलं डिझेल तिथंच जळतं. पावसाळ्यात नर्मदेला पूर आला की मोरटक्क्याचा पूल जड गाड्यांना बंद होतो, २०२३ च्या सप्टेंबरात झालाच होता. उन्हाळ्यात रात्रीची गाडी बऱ्हाणपूरकडून, जुलै ते सप्टेंबर शिरपूरकडून, असं माझं ठरलेलं आहे.

नॅशनल परमिट, फिटनेस, पीयूसी यांवर वेगळं काय सांगायचं, सगळ्यांना माहीत आहे. वजनाचं मात्र सांगतो. दहा टायरची मर्यादा (गाडी धरून एकूण वजन) २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टन झाली, तरी लोकांचं मन भरत नाही. ओव्हरलोडला २०,००० दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. मध्य प्रदेशात रस्त्याकडेला उन्हात केळी उतरवून बघा एकदा.

आणि गाडी बीएस-४, म्हणजे धुराच्या जुन्या मानकाची, असेल तर भाडं ठरवायच्या आधीच विचार करा. दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-४ मालगाड्यांना तिथं ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच प्रवेश ठेवलाय. बीएस-३ ची वाट १ नोव्हेंबर २०२५ लाच बंद झाली, मग ड्रायव्हर एक न्या की दोन.